मागून नेलेला टोप

घाबरू नका मित्रांनो, हा घुमणारा आवाज माझ्याच पोटातून येतो आहे. मी एक जुना टोप आहे. ॲल्युमिनियमचा, तुमच्या आज्या ज्याला जर्मनचं भांडं म्हणतात तसला. पोट एवढं मोठं की लहान पोराला आत बसवून आंघोळ घालता येते, आणि घातलेलीही आहे. माझा एक कान तुटला. तिथे आता तार वळून लावली आहे.

माझा जन्म फिजी देशात, सुवा शहरातल्या कारखान्यात झाला. ठोकाठोकी, घासाघाशी सोसून मी दुकानात टांगला गेलो. तिथे वैसालेने मला पाहिलं. तो खोबरं विकायला बेटावरून आला होता. बायकोसाठी कापड घ्यायचं ठरवून आला आणि मला घेऊन गेला. होडीत मला त्याने मांडीवर धरलं होतं. त्याची बायको उनाइसी किनाऱ्यावर उभी होती. मला पाहून ती म्हणाली, "हे नेसू कसं?" आणि लगेच पाणी भरून मला चुलीवर चढवलं.

तेव्हापासून मी वुनिदोगो गावाचा झालो. उनाइसीचा म्हणता म्हणता सगळ्या गावाचा. कारण आमच्या फिजीत केरेकेरे असतं. माणूस दारात येऊन खाली बसतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "केरेकेरे, तुमचा टोप." मग नाही म्हणायचं नसतं. हे उसनं नव्हे, भीकही नव्हे. ज्याने नेलं, त्याच्याकडून पुढचा मागून नेतो. फक्त एक आहे. केरेकेरे नात्यातल्याच माणसाकडे करायचं. परक्याकडे कोणी करत नाही.

असा मी चुलीचुलीवर फिरलो. लग्नात माझी वाहवा झाली, मयतीतही माझ्याशिवाय कोणाचं पान हललं नाही. कधी मला विसरलेही. एकदा चर्चच्या मागे मी पालथा पडलो होतो, तर एक कोंबडी माझ्या खाली संसार थाटून बसली. मला राग आला नाही. रिकामं पडण्यापेक्षा ते बरं होतं.

वैसाले वारला. मुलगी मेरेओनी न्यूझीलंडला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली आणि वर्षानुवर्षं तिकडेच राहिली. अखेर एका नाताळला ती नवऱ्यामुलांसह यायला निघाली. फोनवर तिने आईला एकच सांगितलं, "त्या टोपातलं अळू आणि मासे हवेत. सगळ्यांनी आपल्या घरात बसून खायचं, पूर्वीसारखं."

उनाइसीने घराला रंग दिला. पडदे शिवले. आणि नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की टोप घरात नाही.

पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. मला घासताना ती बडबडत असते.

आधी ती नणंदेकडे, तोरिकाकडे गेली.

"वहिनी, तुझा टोप मागच्या पावसातच इसोआने नेला," तोरिका म्हणाली. "लेक येणार म्हणून घर रंगवलंस, पडदे लावलेस, आणि शिजवणार कशात? पडद्यात?"

"तू नीट ठेवला असतास तर तुझ्या दारात आले असते का मी?"

"नीट ठेवायला तो काय माझा भाऊ आहे? घे, अळूची पानं घेऊन जा. भावाने बायको धांदरट केली, त्याची भरपाई."

पानांचा भारा घेऊन उनाइसी होडीवाल्या इसोआकडे गेली. इसोआ जाळं दुरुस्त करत होता. त्याने नजर जाळ्यातच ठेवली.

"काकी, मी टोप त्या भट्टीवर ठेवून आलो."

"कोणाकडे? त्या वादळातल्या लोकांकडे?"

"ती बाई बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात शिजवत होती. मला बघवेना. तिने मागितला नाही हो. मीच दारात ठेवला आणि पळालो."

त्याने भरपाई म्हणून ताज्या माशांची माळ तिच्या हातात दिली.

ती बाई म्हणजे लितिया. दूरच्या बेटावर वादळाने त्यांचं घर नेलं, म्हणून सरकारने तिला, नवऱ्याला, मुलांना आणि सासूला आमच्या गावी आणून सोडलं. किनाऱ्यावर खोबरं सुकवायची जुनी भट्टी आहे, तिच्या शेडमध्ये ते राहत. गावाने त्यांना खूप दिलं. कपडे, तांदूळ, चटया. नाताळ जवळ आला तसं आणखी दिलं. लितिया दर वेळी दोन्ही हातांनी घ्यायची आणि मान खाली घालून "वीनाका", म्हणजे आभार, म्हणायची. जेवायला बोलावलं की म्हणायची, "मुलं झोपलीत." मी तिच्या चुलीवर होतो मित्रांनो, मला ठाऊक आहे. मुलं जागीच असायची.

उनाइसी आली तेव्हा माझ्यात नीरफणस उकळत होता. तो त्यांचा नाताळ. उनाइसी उंबऱ्याबाहेर बसली. टोप तिचाच, पण उकळता टोप मागणार कसा? ती माशांची माळ या हातातून त्या हातात करत राहिली.

लितियाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मला उतरवलं. फोडी बिस्किटाच्या डब्यात ओतल्या. मावल्या नाहीत त्या केळीच्या पानावर ठेवल्या. मला पुसून उनाइसीपुढे ठेवलं.

"घ्या बाई. फार उपयोग झाला तुमच्या टोपाचा. वीनाका."

आतून सासू म्हणाली, "कान धरून उचला हो, तार भाजते."

"उद्या तुम्ही सगळे माझ्याकडे या जेवायला," उनाइसी म्हणाली.

"बघू बाई. मुलांना जरा कसकस आहे."

त्याच वेळी तिची मुलं समोर समुद्रात उड्या मारत होती. दोघींनीही ते पाहिलं आणि दोघींनीही पाहिलं नाही असं केलं.

उनाइसी उठली नाही. माझ्या काठावरून बोट फिरवत बसली. मग तिने पदर सारखा करावा तसा झगा सारखा केला, मांडी घातली आणि घसा खाकरला.

"केरेकेरे," ती म्हणाली.

लितिया गोंधळली. "टोप तर दिला ना, बाई?"

"टोप नाही. तुझी चूल. उद्याच्या दिवसापुरती. पानं आहेत, मासे आहेत. माझी लेक येते आहे, आणि माझ्या घरात एवढी माणसं मावणार नाहीत. केरेकेरे, तुझी जागाही दे."

मित्रांनो, हे खोटं होतं. तिच्या घरात अर्धं गाव मावलं असतं.

लितिया तिच्यासमोर खाली बसली. मग तिचा आवाजच बदलला.

"बाई, आल्यापासून आमच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं."

"बाई काय म्हणतेस? दारात मागायला बसलेल्या बाईला बाई म्हणतात होय? आत्या म्हण."

"आत्या," लितिया म्हणाली, "पण नारळ आमचे. नारळ आणलेस तर चूल देणार नाही."

आतून सासू ओरडली, "आणि खोवणार मी! मला इथे आल्यापासून कोणी हात लावू देत नाही कशाला!"

दुसऱ्या दिवशी मेरेओनी सकाळच्या होडीने उतरून थेट चर्चला आली. चर्च सुटल्यावर तिने पाहिलं, तर आई नव्या रंगाच्या घरावरून पुढे चालली होती. "आई, घर मागे राहिलं!" ती हाक मारत राहिली. भट्टीपाशी आल्यावर तिचं तोंड उतरलं. तिच्या मनात वेगळं जेवण होतं. आईने तिच्या हातात पळी दिली आणि म्हणाली, "चाखून बघ. घर रात्री दाखवते, ते कुठे जात नाही." मेरेओनीने चाखलं. मग खाली बसून माझ्या पोटाला हात लावला. "बाबांचा टोप," एवढंच म्हणाली.

लितियाने सगळ्यांना वाढलं. तोरिका तर तिला म्हणाली, "केरेकेरे, तुझी सासू दे चार दिवस. माझ्याकडे खोवणारं कोणी नाही." त्या दिवशी लितियाची मुलं झोपली नव्हती.

मित्रांनो, सणासुदीला तुम्हीही कोणाला कपडे द्याल, गोडधोड द्याल. जरूर द्या. पण एखाद्या दिवशी त्यांच्या दारात बसून काहीतरी मागाही. चिमूटभर मीठ मागा, एखादं गाणं मागा. आणि मलाही कोणी मागितलं तर नाही म्हणू नका. फक्त घासताना तळाला जरा हळू हात लावा. तो आता फार पातळ झाला आहे, आणि मला अजून बऱ्याच चुली बघायच्या आहेत.