बद्द वाजणारा बगळा

मित्रांनो, मी बगळा आहे. जुना आहे, लोखंडाचा आहे आणि पोटाच्या जागी माझ्याकडे आता नुसतं एक रिकामं कडं आहे. येणारे-जाणारे मला बघून हसतात आणि विचारतात, "ह्याचं पोट कुठे गेलं?" खुशाल हसा, मला राग येत नाही. पण ते कसं गेलं हे माझ्याकडूनच ऐका. ते जसं गेलं तसं गेलं नसतं, तर आज मला कोणाला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

१९९६ साली वसईजवळच्या गास गावात, फर्डिनंडच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. फर्डिनंड खिडक्यांच्या ग्रिल आणि फाटकं बनवायचा. तेव्हा वसई-नालासोपाऱ्याकडे रोज कुठेतरी नवी इमारत उभी राहत होती, त्यामुळे त्याच्या हाताला उसंत नव्हती. पण तीच ती चौकट जोडून तो कंटाळून गेला होता. उरल्यासुरल्या सळ्यांचे तो मासे आणि खेकडे करायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, "ग्रिलवाला खेळनी बनवतो." हे त्याला फार लागायचं.

अशात एके दिवशी दिनानाथकाका शेडवर आले. मुंबईतल्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी वसईत छोटंसं घर बांधलं होतं आणि पुढे बागेपुरती जागा ठेवली होती. सळ्यांचा खेकडा हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बागेत उभा करायला मला एक बगळा बनवून द्याल? वास्तुशांतीला पाहिजे. ऑफिसातली सगळी मंडळी येणार आहेत."

वास्तुशांतीला अकरा दिवस उरले होते. तरी फर्डिनंड हो म्हणाला. असं काम त्याच्याकडे कोणी पहिल्यांदाच मागितलं होतं.

सळ्यांचे माझे पाय झाले, चांगले तीन फूट लांब. पत्र्याच्या कातरलेल्या पट्ट्यांची पिसं झाली. फर्डिनंडच्या बायकोने, रिटाने, भात कापायचा जुना विळा काढून दिला, त्याची चोच झाली. ती अजून धारदार आहे, हे मी जरा घमेंडीनेच सांगतो. पोटासाठी फर्डिनंडने चिंचोटीच्या ओढ्यातून एक काळा दगड आणला. लाल भोपळ्याएवढा, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. त्याने हातोडीने त्यावर हलकेच टिचकी मारली आणि दगड खणकन वाजला. धड दगड असाच वाजतो. फुटका दगड बद्द वाजतो.

रिटाने दगडावर तळवा ठेवला. तिचे वडील विहिरी बांधायचे, त्यामुळे तिला दगडातलं कळायचं.

"थंडगार लागतो," ती म्हणाली. "ह्याच्या पोटात पानी हाय. माझा बापूस ओढ्यातला दगड दोन उन्हाळे सुकवल्याशिवाय आगीजवळ नेत नव्हता."

"अकरा दिवसांत दोन उन्हाळे कुठून आनू?" फर्डिनंड म्हणाला.

दगडाच्या कमरेला त्याने लोखंडी कडं घातलं आणि खालचं पोट मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे त्याचा काळा रंग दिसावा. कडं पायांना वेल्डिंगने जोडताना लोखंड लाल झालं, दगड तापला आणि माझ्या पोटात 'ठस्' असा बारीक आवाज झाला. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली होती. फर्डिनंडने तोंडावरची काच बाजूला केली. कड्याच्या खालून केसासारखी एक चीर सगळ्या पोटाला वळसा घालून गेली होती. त्याने टिचकी मारली. बद्द. पुन्हा मारली. पुन्हा बद्द.

वास्तुशांत परवावर आली होती. फर्डिनंडने दाराकडे बघून घेतलं. रिटा शेतावर गेली होती. मग त्याने दगड चिकटवायच्या गोंदात काळ्या दगडाची भुकटी कालवली आणि ती चीर बोटाने लिंपून टाकली. वरून हात फिरवला तर कोणाला काही कळलं नसतं.

वास्तुशांतीच्या दिवशी माझा काय थाट होता! माझे पाय बागेत सिमेंटमध्ये रोवले होते, गळ्यात झेंडूचा हार होता. पाहुणे पंगतीतून उठून थेट माझ्याकडे येत होते. "कोणी केला हो?" असं विचारत होते. दिनानाथकाका फर्डिनंडला हाताला धरून प्रत्येकाच्या पुढे नेत होते. त्यांची तीन महिन्यांची नात सुरुची कोणाच्या तरी कडेवरून माझ्या चोचीकडे टकमक बघत होती. मित्रांनो, मला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी बोललो असतो का, हे मला सांगता येणार नाही. कौतुक मलाही गोड लागत होतं.

फर्डिनंडचं नाव झालं. माझ्यानंतर कासवं झाली, मोर झाले, एका हॉटेलच्या बागेत हरणांची जोडी गेली. त्यांचे दगड मात्र त्याने शेडमागे उन्हात ठेवून नीट सुकवले. दरवर्षी मे महिन्यात तो न बोलावता माझ्याकडे यायचा आणि मला रंग द्यायचा. दिनानाथकाका शेजाऱ्यांना सांगायचे, "कारागीर असावा तर असा. काम झालं तरी विसरत नाही." फर्डिनंड मान खाली घालून ब्रश फिरवत राहायचा. कोणी बघत नसलं की तो माझ्या पोटावर टिचकी मारायचा, कान लावायचा आणि चिरेत आणखी थोडा गोंद भरायचा.

गोंद उन्हाने सुकायचा, पावसाळ्यात पाणी आत शिरायचं, कडं गंजून फुगायचं आणि चीर रुंद करायचं. माझ्या पोटाखाली गंजाचा तांबडा ओघळ उतरला होता. सुरुची आता चालती-बोलती झाली होती. ती म्हणायची, "आमचा बगळोबा पान खातो!" तिला माझ्या पोटाखालची जागा फार आवडायची. चार वर्षांची झाल्यापासून ती तिथेच भातुकली मांडून बसायची. तिचा डोक्यावरचा रिबिनीचा फुगा माझ्या पोटाला घासायचा. तुम्हाला काय सांगू, ती येऊन बसली की माझा जीव मुठीत असायचा.

एका वर्षी फर्डिनंडने तिला तिथे बसलेलं पाहिलं. त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "काका, ह्याला जरा शेडवर घेऊन जातो, दुरुस्ती करतो," असं तो घाईघाईने म्हणाला. "छे, छे! वास्तुशांतीला उभा राहिलाय तो, हलवायचा नाही," काका म्हणाले. खरं कारण सांगायला फर्डिनंडची जीभ रेटली नाही. तो तसाच परत गेला.

२००२ च्या मे महिन्यात मात्र तो रिटालाही सगळं सांगून सोबत घेऊन आला. दोघं फाटकाशी थांबले, म्हणून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"फादरना कुमसारात सांगितलं," तो म्हणाला. पाप कबूल करायला ते चर्चमध्ये जातात, त्याला कुमसार म्हणतात.

"काय बोलले?"

"बोलले, मला सांगून दगड सांधनार नाय. ज्याच्या दारात ठेवलाय त्याला सांग."

"मग चल ना आत. उभा कशाला राहिलास?"

आत माझ्या पोटाखाली बाहुलीचं लग्न लागत होतं. सुरुची आणि तिच्या चार मैत्रिणी दाटीवाटीने बसल्या होत्या. मध्ये पाट, पाटावर नवरा-नवरी, शेजारी चुरमुऱ्यांची ताटली. सगळ्या मिळून बेंबीच्या देठापासून मंगलाष्टकं ओरडत होत्या. आणि माझ्या पोटात पुन्हा तो आवाज झाला. ठस्. काळ्या गोंदाचे कण ताटलीत पडले.

"बगळोबाने अक्षता टाकल्या!" सुरुची टाळ्या वाजवत ओरडली.

फर्डिनंडच्या हातातला रंगाचा डबा खाली पडला. तो धावत आला, गुडघ्यांवर बसून आत शिरला आणि त्याने आपला खांदा माझ्या पोटाला लावला. "पोरींनो, बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!"

"थांबा ना काका, हार घालायचे राहिलेत," सुरुची म्हणाली.

रिटाने एकेकीला दंडाला धरून ओढून काढलं. ओसरीवरून दिनानाथकाका हसत खाली आले. "काय फर्डिनंड, लग्नाला वऱ्हाडी म्हणून आलात वाटतं?"

"काका, ह्या दगडाला चीर हाय," फर्डिनंड खालूनच म्हणाला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "आजची नाय. तुमच्या वास्तुशांतीच्या आधीपासनं हाय. मला माहीत होतं. मीच लिंपली."

काकांचं हसू ओसरलं. तेवढ्यात "माझी नवरी!" म्हणून सुरुची रिटाच्या हातातून निसटली आणि पुन्हा आत घुसली. त्याच क्षणी दगडाचा खालचा भाग सुटला आणि सगळा भार फर्डिनंडच्या खांद्यावर आला. तो कण्हला, पण हलला नाही. बाहुली छातीशी धरलेल्या सुरुचीला रिटाने फ्रॉकला धरून मागे ओढलं. मग फर्डिनंडने अंग बाजूला घेतलं. दगड पाटावर पडला. पाटाचे दोन तुकडे झाले, ताटली चेपली आणि चुरमुरे बागभर उडाले.

दिनानाथकाका पायरीवर बसले. त्यांनी सुरुचीला मांडीवर घेतलं.

"दोन वर्षं ही इथे बसतेय, फर्डिनंड."

"हो."

"आणि तुम्ही रंग देत होतात."

फर्डिनंडने चेपलेली ताटली उचलून पायरीवर ठेवली. काका म्हणाले, "घेऊन जा तुमचा बगळा."

उरलेला दगड फोडून मला शेडवर आणलं गेलं. मला वाटलं, आता भंगारात रवानगी. पण फर्डिनंडने मला शेडच्या दाराशीच उभं केलं. त्याच्या उजव्या खांद्याला कायमची कळ राहिली. बातमी पसरली, बागेची कामं आटली, तो पुन्हा ग्रिल करू लागला. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं की तो काही न लपवता, रिटाच्या दोन उन्हाळ्यांसकट सगळं सांगायचा. ऐकून काही लोक तसेच परत जायचे.

पुढच्या वर्षी नाताळाच्या आधी शेडसमोर रिक्षा थांबली. दिनानाथकाका सुरुचीला घेऊन उतरले. दोघांनी मिळून एक काळा गुळगुळीत दगड धरला होता. काकांनी तो माझ्या रिकाम्या कड्यात ठेवला, वाकून त्यावर टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं.

"चिंचोटीचा आहे," ते म्हणाले. "ह्याचा बगळा करा. आणि ह्या वेळी मला घाई नाही. दोन उन्हाळे जाऊ देत."

फर्डिनंडला मान वर करवेना. रिटाने पदराने डोळे पुसले आणि ती चहा टाकायला गेली.

दोन उन्हाळे तो दगड माझ्या कड्यात बसून होता. मग तो गेला. आज काकांच्या बागेत उभा आहे तो बगळा त्याच दगडाचा, आणि तो खणकन वाजतो. मला त्याचा हेवा वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

मित्रांनो, वस्तू जपा, त्यांच्यावर दगड मारू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या बागेत, शाळेत, कुठेही माझ्यासारखा एखादा उभा असेल, तर त्याच्याखाली खेळायला बसण्याआधी त्याला एक टिचकी मारा. आवाज बद्द आला तर रंगाचा डबा आणू नका, आधी घरच्यांना हाक मारा.