दुसऱ्या केंद्राची पाहणी

संचालकांनी माझ्या ताईला चोर ठरवलं, त्याला वर्ष होत आलं. मी विसरले नव्हते. विसरणाऱ्यांतली मी नाहीच.

ताई त्यांच्या शिवणकाम प्रकल्पात दुसऱ्या केंद्राची प्रमुख होती. अनुदान मिळालं दोन्ही केंद्रांच्या मशीनचं, साहेबांनी घेतल्या एकाच केंद्रापुरत्या. पाहणीला कुणी आलं की आधी पहिलं केंद्र दाखवायचं, मग पाहुण्यांना ऑफिसात आग्रह करकरून जेवायला घालायचं आणि तेवढ्यात त्याच मशीन टेम्पोतून दुसऱ्या केंद्रात न्यायच्या. "आमच्या मशीन कुठायत?" असं ताईने विचारलं, तर तिनेच विकल्या म्हणून गावभर बोंब आणि वर हकालपट्टी. भावजींनीही ते खरं मानलं. घरच्या कपाटाची किल्ली तिच्याकडून काढून घेतली.

आणि आता अनुदान देणाऱ्या संस्थेकडून पाहणीला आले होते मी. आमची आडनावं वेगळी, त्यामुळे साहेबांना नातं ठाऊक नव्हतं.

"या मॅडम, या!" तोंडात नुसती साखर.

पहिल्या केंद्रात मुली मशीनवर बसल्या होत्या. मी म्हटलं, "प्रत्येकीने एक झबलं शिवा. मी परत येऊन बघणार. तोवर मशीन जागची हलवायची नाही." माझा सहकारी दारातच खुर्ची टाकून बसला.

साहेबांचा चेहरा पडला. "आधी जेवून घेऊ ना."

"पोट भरलंय माझं. चला."

दुसऱ्या केंद्राची किल्ली त्यांना बराच वेळ सापडेना. मला घाई नव्हती. दार उघडलं, तर आत एक सतरंजी आणि भिंतीवर आमच्या संस्थेच्या नावाचा फलक.

"मशीन दुरुस्तीला गेल्यात..."

"सगळ्या एकदम आजारी पडल्या?"

त्यांनी हात जोडले. "अहवालात सांभाळून घ्या. म्हणाल ते करतो."

अहवालात मी सगळं लिहिणारच होते, पण ते कशाला सांगू? मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. "माझी बहीण आहे. तुम्ही चोर ठरवलेली. बोला तिच्याशी."

साहेब मटकन सतरंजीवर बसले. मला फार बरं वाटलं.

"बाई," ते पुटपुटले, "तुम्ही मशीन विकल्या नव्हत्या. आम्ही... त्या घेतल्याच नव्हत्या."

पलीकडून ताई म्हणाली, "थांबा, यांना बोलावते. आता पुन्हा सांगा. मोठ्याने."