रोज दहा मिनिटं मागे

माझ्या सुनेनं कादंबरी लिहिली. पहिलीच. एक गुप्तहेर, एक बेपत्ता माणूस आणि तीनशे दहा पानं. मंगळवारी सकाळी तिनं तो गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, सोमवारी प्रकाशकांना द्यायचीय. त्याआधी तुम्ही वाचा. चुका काढा."

मी पोलिसात होतो आणि नोकरीची शेवटची बावीस वर्षं बेपत्ता माणसांच्या टेबलावर काढली. चुका काढणं हा माझा जुना धंदा. निवृत्त झाल्यापासून मी तो घरात चालवतो, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे.

लाल पेन्सिल घेऊन बसलो. चाळीस पानांत ती दोनदा तासावी लागली. हा गुप्तहेर लांब कोट घालून फिरतो, जेवत नाही, झोपत नाही आणि एकदाही फॉर्म भरत नाही. अहो, माणूस शोधणं म्हणजे नव्वद टक्के फॉर्म भरणं आणि उरलेलं दहा टक्के कुठल्यातरी बाकड्यावर ताटकळणं. हा पठ्ठ्या सिगारेटच्या थोटकावरून माणसाची उंची सांगतो. मी समासात लिहिलं, 'काहीतरीच.' पुढच्या पानावर पुन्हा लिहिलं, 'काहीतरीच.' मग हात दुखायला लागला तेव्हा नुसतं 'का' लिहू लागलो.

"अहो, पोरीनं दोन वर्षं घातलीत त्यात," बायको म्हणाली. "जरा हात आखडता घ्या."

"मी काय तिला मारतोय का? वाचतोय."

पण बेपत्ता माणसाचं प्रकरण आलं आणि माझी पेन्सिल थांबली. तो माणूस घड्याळजी होता. टेबलाच्या कडेला कापड अडकवून मांडीवर पसरून बसायचा, म्हणजे निसटलेला स्क्रू जमिनीवर न जाता मांडीत पडावा. झाकण उघडलं की श्वास रोखायचा आणि ते परत बसलं की हुश्श करायचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाकडे न बघता आधी मनगटाकडे बघायचा. असलं काही कोणी बसल्याजागी रचत नाही. शेवटच्या प्रकरणात त्याचं प्रेत नदीत सापडतं. ते वाचून मला उगाच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

सून जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीच्या पानांवर आकडे घालत बसली होती. मी गठ्ठा तिच्यासमोर आपटला.

"हा घड्याळजी खरा आहे," मी म्हणालो. "बाकी सगळं पुस्तक खोटं आहे, पण हा माणूस खरा आहे."

"गुप्तहेर इतका वाईट जमलाय?"

"वाईट नाही, बिनकामाचा आहे. विषय बदलू नकोस."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. तिला आईवडील नाहीत, धाकट्या काकांनी वाढवलं आणि तेही आता नाहीत, एवढं लग्नाच्या वेळी तिनं सांगितलं होतं. आम्ही जास्त खोदून विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. काका घड्याळजी होते. ती एकवीस वर्षांची होती, नुकतीच नोकरी लागली होती. काकांना वाटायचं तिनं संध्याकाळी तरी दुकानात बसावं, हातातली कला सोडू नये. तिला दुकान नको होतं. शब्दाला शब्द वाढला आणि ती म्हणाली, तुम्ही माझे कोण लागता मला सांगणारे? दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी दुकान बंद केलं आणि निघून गेले. दोन महिन्यांनी लांबच्या एका नदीत प्रेत मिळालं. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. तिथले पोलीस साहेब म्हणाले, उंची जुळते, मान्य करा.

"मी मान्य केलं," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली. बाबा, माझ्या त्या एका वाक्यानं गेले ते. पुस्तकात तरी त्यांचा नीट शेवट व्हावा, म्हणून लिहिलं."

उंची जुळते म्हणे. उंची माझीही जुळली असती. फाइल बंद करायची घाई, दुसरं काय. तिचे डोळे भरून आले, तेव्हा मी म्हणालो, "दोनशेबारा पानावर टायपिंगची चूक आहे." ती रडता रडता हसली.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. आमच्या फॉर्मवर माणसानं अंगात काय घातलं होतं याला रकाना असतो, बरोबर काय नेलं याला नसतो. तो मी तोंडी विचारायचो.

"दोन सदरे, चष्मा, औषधं," ती म्हणाली.

"आणि भिंग? डोळ्याला लावायचं?"

"तेही जागेवर नव्हतं. रोज टेबलावर असायचं, त्या दिवशी नव्हतं."

नदीत उडी टाकायला निघालेला माणूस भिंग कशाला नेईल? हे अगदी जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. घरच्यांना खोटी आशा लावायची नाही, हा आमच्या टेबलाचा पहिला नियम. मी नुसतं विचारलं, "त्यांची खूण काय होती?"

घड्याळजी दुरुस्ती झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला टोचणीनं आपली खूण आणि तारीख कोरतो. घड्याळ परत आलं तर कोणी उघडलं होतं आणि कधी, ते कळावं म्हणून.

"पतंग," ती म्हणाली. "मी पाच वर्षांची असताना काढून दिला होता, तोच कायम ठेवला. आणि खाली तारखेऐवजी माझं वय कोरायचे. म्हणायचे, तारखा मला आठवत नाहीत, तुझं वय बरोबर आठवतं."

"हे पुस्तकात नाही."

"नाही. ते माझं आहे. ते कशाला कोणाला देऊ?"

बुधवारी सकाळी मी बाहेर पडलो. बायकोला म्हणालो, काम आहे. "कुठे ते विचारत नाही," ती म्हणाली, "पण डबा घेऊन जा." बरोबर माझं निवृत्तीचं घड्याळ घेतलं. वर्षभर बंदच होतं. सून घरातली सगळी घड्याळं काकांच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरांनी उघडते, पण या घड्याळाची स्प्रिंग तुटली होती आणि ती तिच्याकडे नव्हती. घड्याळजीच्या दुकानात तर तिनं बारा वर्षांत पाय ठेवला नव्हता.

वाटेत मला माझीच लाज वाटली. बावीस वर्षं आम्ही माणसांचे फोटो दाखवत हिंडलो. या काकांना मी शोधलं असतं तरी सगळ्या घड्याळजींना फोटोच दाखवला असता. आणि घड्याळजी तर तोंडाकडे बघतच नाहीत, सुनेनं स्पष्ट लिहिलंय. म्हणून यावेळी मी कागदावर पतंग काढून नेला.

बुधवारी तीन दुकानं झाली. तिन्हीकडे माना हलल्या. गुरुवारी दुपारी सातव्या दुकानातल्या माणसानं डोळ्याचं भिंग न काढता कागद जवळ धरला.

"हा पतंगवाला होय," तो म्हणाला. "हात फार चांगला आहे. याचं काम उघडलं की बरं वाटतं बघा."

"दिसायला कसा आहे?"

"ते मला काय ठाऊक? मी पतंगच बघितलाय." त्यानं खण ओढला आणि दुरुस्तीला आलेलं एक घड्याळ उघडून माझ्यासमोर धरलं. तांदळाच्या दाण्याएवढा पतंग, आणि खाली आकडा, बत्तीस.

मी हिशेब केला. बारा वर्षांपूर्वी एकवीस. बत्तीस म्हणजे गेल्या वर्षीचं काम. नदीत बुडालेला माणूस गेल्या वर्षी घड्याळ दुरुस्त करत होता. घड्याळ एका बस ड्रायव्हरचं होतं आणि तो मुक्कामाला जायचा त्या गावी त्यानं ते दुरुस्त करून घेतलं होतं. एवढं मला पुरे होतं.

शुक्रवारी साडेतीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत त्या गावी पोचलो. एका जिन्याखाली हातभर रुंदीचं दुकान होतं. पिकल्या केसांचा माणूस टेबलाला कापड अडकवून बसला होता. त्यानं आधी माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं. मी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "पूर्वी पोलिसात होतो, आता नाही. मी तुमच्या पुतणीचा सासरा."

त्यांनी श्वास रोखला, अगदी तिनं लिहिलंय तसा.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"मजेत आहे. माझा मुलगा तिच्या शब्दाबाहेर नाही आणि मीही नाही. कादंबरी लिहिलीय. त्यात तुम्हाला मारलंय."

"कसं?"

"नदीत बुडवून."

"मला उत्तम पोहता येतं," ते दुखावून म्हणाले, आणि मग दोघंही हसलो. हसता हसता त्यांनी मांडीवरच्या कापडानं डोळे पुसले.

राग चार दिवसांत उतरला होता, असं त्यांनी सांगितलं. मग लाज वाटायला लागली. "आठवड्यानं परतणाऱ्याला रागावतात. वर्षानं परतणाऱ्याला काय करतात ते मला कळेना. मग दुसरं वर्ष लागलं." मी मान हलवली. नोकरीत असे कितीतरी बघितलेत. लपून बसलेले थोडे असतात. बाकीच्यांना नुसता उशीर झालेला असतो.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "आत्ता तरी नको. माझी छाती होत नाही."

आता इथे आमचा दुसरा नियम आडवा आला. शहाणासुरता माणूस सापडला आणि तो नको म्हणाला, तर त्याचा पत्ता घरच्यांनाही द्यायचा नाही. या नियमापायी मी आयाबायांचे तळतळाट घेतलेत, पण तो मोडला नाही. "बरं," मी म्हणालो. मनातून संताप संताप झाला होता. "माझं घड्याळ तरी दुरुस्त करा."

दोन तास मी बाहेरच्या पायरीवर बसलो. झाकण लावायच्या आधी त्यांनी मान वर केली. "तुमच्या घरी घड्याळ कोणी उघडतं का?"

"सूनच उघडते. तुमच्याच स्क्रू-ड्रायव्हरांनी."

ते परत वाकले, चिमट्यानं आत काहीतरी केलं, झाकण लावलं आणि हुश्श केलं. माझे पाय आखडले होते आणि बस सुटायची वेळ झाली होती. मी घड्याळ हातावर चढवलं आणि निघालो.

शनिवारी संध्याकाळी बघतो तर घड्याळ दहा मिनिटं मागे. लावलं. रविवारी सकाळी पुन्हा पाच-सहा मिनिटं मागे. माझं डोकं फिरलं. हात चांगला म्हणे! मला एवढा प्रवास घडवला, तोंडाला कुलूप लावलं आणि वर घड्याळही धड नाही. कोणाला सांगायची सोय नव्हती, त्यामुळे मी वर्तमानपत्रावर, चहावर आणि दाराच्या कडीवर चिडून घेतलं.

सून टेबलावर कादंबरीचा गठ्ठा दोऱ्यानं बांधत होती. "बाबा, कुठे दिलं होतं हे?"

"होता एक जण."

"आणा इकडे. आत वेग कमीजास्त करायची दांडी असते. दोन मिनिटांचं काम आहे."

तिनं डबीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि झाकण उघडलं. मी पेपर वाचत होतो. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून वर बघितलं, तर ती श्वास रोखून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली. झाकण तिच्या तळहातावर होतं. पतंग, आणि खाली तेहेतीस. मागच्याच महिन्यात तिला तेहेतीस पूर्ण झाली होती.

"मी शब्द दिलाय," मी घाईनं म्हणालो. "मी काही सांगणार नाही."

"तुम्ही काहीच सांगू नका." तिनं घड्याळ माझ्यापुढे धरलं. "ही दांडी बघा. पार टोकापर्यंत मागे ढकललीय. नवशिका माणूससुद्धा अशी ठेवणार नाही, काका तर नाहीच नाही. घड्याळ मागे पडावं आणि मी उघडावं, म्हणून ठेवलीय."

बावीस वर्षांचा अनुभव असलेला मी, दोन दिवस त्यांचा निरोप मनगटावर बांधून फिरत होतो आणि त्यांनाच शिव्या देत होतो. सून बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मनसोक्त, लहान पोरीसारखी. बायकोला काही माहीत नव्हतं, तरी तीही रडली. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तोंड धुऊन तिनं प्रकाशकांना फोन लावला. "शेवट बदलायचाय, आठवडाभर द्या," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "नाही, प्रेत सापडत नाही. ते प्रेत त्यांचं नव्हतंच."

"आता ती दांडी सरकव," मी म्हणालो. "मला वेळ कळत नाहीये."

तिनं दांडीला हात लावला नाही. झाकण जसंच्या तसं बसवलं आणि हुश्श केलं. "नको. हे दुरुस्तीला परत न्यायचंय. तुम्ही मला पत्ता सांगू नका. तुमचं घड्याळ घेऊन तुम्ही पुढे चला, मी आपली मागून येते."

यात नियम मोडत नव्हता. मी दोनदा विचार करून बघितला.

दहाची बस होती. मी मनगटाकडे बघून म्हणालो, भरपूर वेळ आहे, चहा घेऊन निघू. बायकोनं माझ्या हातातला कप काढून घेतला. "अहो, तुमचं घड्याळ मागे आहे. पळा."

आम्ही पळालो. बस मिळाली.