चांदीत उमटलेले टाके

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे. गोल्फचा, पिसांनी भरलेला.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात गाविन लॉरिमरने मला घडवले. कातड्याची पिशवी त्याच्या बायकोने, इशबेलने शिवली. गाविनने टोपीभर उकडलेली ओली पिसे लोखंडी दांड्याने, छातीचा जोर लावून माझ्यात कोंबली. वाळताना पिसे फुगली, कातडे आवळले आणि मी टणक झालो. पिसांची धूळ खाऊन त्याला खोकला जडला, तो कायमचाच.

मला टोलवूनच गावातले हॅलकेटसाहेब गोल्फ मंडळाचा वार्षिक सामना जिंकले आणि मंडळाचे कप्तान झाले. दर कप्तानाने मंडळाच्या मानाच्या, चांदीच्या गोल्फकाठीला आपला एक चांदीचा चेंडू टांगायचा, अशी तिथली रीत.

“गाविन, माझा चेंडू याच्याच घाटाचा करवतो. तुझ्या बायकोचा टाका न् टाका दिसेल.”

“तेवढं करा साहेब. मग खोकलासुद्धा गोड लागेल मला.”

साहेबांनी शब्द पाळला. चांदीत माझे टाके उमटले, टाळ्या पडल्या. मी फुशारलो. तेवढ्यात साहेब मैदानावर गेले आणि त्यांनी खिशातून गटापर्चाचा काळा चेंडू काढला. मलायातल्या कुठल्याशा झाडाचा चीक तो!

“पावसात भिजत नाही, फुटला तर तापवून पुन्हा वळता येतो,” ते सोबत्यांना म्हणाले. मला गाविनच्या हातात दिले. “ठेव आठवण म्हणून.”

माझा घोर विश्वासघात झाला होता. गाविनने मला मुठीत आवळले. “मी जिवंत आहे तोवर हा चीक माझ्या घरात येणार नाही,” तो म्हणाला. मला तेवढाच आधार वाटला.

हिवाळाभर कोणी पिसांचा चेंडू मागितला नाही. मग एके सकाळी चुलीवर पातेले चढले. त्यात पिसे नव्हती.

“आणि माझी सुई?” इशबेलने विचारले.

“मोजे आहेत की शिवायला.”

“मग तुझा शब्दही टाक त्याच पातेल्यात. होईल मऊ.”

गाविनने पातेल्यातून मऊ झालेला चीक काढला. ज्या हातांनी मला घडवले, तेच हात माझ्यासमोर तो काळा गोळा वळत होते. आणि त्या दिवशी गाविन एकदाही खोकला नाही.

म्हणून त्याच्यावर मला धड रागावताही येत नाही, मित्रांनो. साहेबांवर येते. तुम्ही नवे घ्या, खुशाल घ्या. पण जुन्याला चांदीत मढवून त्याची बोळवण करू नका. तुझे काम संपले, एवढे त्याला तोंडावर सांगा.