नवनीतची चिप उलगडताना

शेतातली लाईट आली की रनाळ्यात सगळ्यांना आनंद व्हायचा आणि ललितच्या पोटात दुखायचं.

कारण लाईटीबरोबर शिवारातले पंप सुरू व्हायचे, आणि ते व्हायचे चुलतभावाच्या, नवनीतच्या, ऑटोवर. ऑटो म्हणजे विहिरीवरची पेटी. लाईट येताच ती पंप आपोआप चालू करते, माणसाला शेताकडे पळावं लागत नाही. गावात अशी पेटी पहिल्यांदा ललितने बनवली, तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग नवनीतने आपली पेटी काढली आणि लोकांनी ललितला अलगद खाली ठेवलं. मिरचीवाले गेले, पपईवाले गेले, शेवटी ललितचा सख्खा सासराही नवनीतची पेटी लावून मोकळा झाला. 

तेव्हापासून तो सांगत सुटला, "मन्हा प्रोग्राम चोरेल शे त्यानी."

घराण्यातले वडीलधारे दोधूआप्पा वैतागले. "नुसतं बोलू नको. चोरी दखाड. चोरेल व्हई ते नवनीत धंदा बंद करी. नही ते तू बठा घराणासमोर त्यानी माफी मांग." रविवार ठरला. नवनीत हसत हो म्हणाला, आणि ते हसणं ललितला जास्त झोंबलं.

दुरुस्तीच्या नावाखाली त्याने सासऱ्याची पेटी घरी आणली, आतली चिप लॅपटॉपला जोडली. चिपमधला प्रोग्राम म्हणजे निव्वळ आकडे, माणसाने वाचावं असं त्यात काही नसतं. तिथे डिसअसेम्ब्लर हा दुसरा प्रोग्राम कामाला येतो. तो आकड्यांच्या जागी असेम्ब्ली भाषेतल्या बारीक बारीक आज्ञा मांडून देतो: हे उचल, ते तपास, जुळलं तर तिकडे जा. लिहिणाऱ्याने दिलेली नावं आणि टिपा मात्र गळून गेलेल्या असतात. पीठ चिवडून दाणा कुठला ते ओळखायचं, तसं काम.

ललितने ते चिवडलं. आपली एखादी लकब, एखादी जुनी चूक सापडेल म्हणून ओळ न ओळ पाहिली. काही सापडलं नाही. उलट एका जागी तो अडकला. लाईट आल्यावर नवनीतचा प्रोग्राम पंप लगेच सुरू करतच नव्हता. तो आधी पेटीचा नंबर उचलायचा, त्या नंबरानुसार थांबायचा आणि मग पंप चालू करायचा. नंबर वेगळा, म्हणून प्रत्येक पंपाची पाळी वेगळी. ललितच्या पेट्या सगळे पंप एकदम उठवायच्या, डीपीचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडायचा आणि लोक वीजवाल्यांच्या नावाने बोंबलायचे.

एवढासा तुकडा! आपल्याला का सुचला नाही? हेव्याने ललितच्या डोळ्यांत पाणी आलं. चोराशी भांडता येतं, पण घरातल्याच हुशार माणसाचं काय करायचं?

मग त्याने स्वतःच्या पेटीतली चिप उलगडली, त्याच मजकुराच्या दोन प्रती छापल्या, एकीवर ‘ललित’ लिहिलं आणि दुसरीवर ‘नवनीत’. बायको, चेतना, दारातून बघत होती.

"तुम्ही हाई काय करी ऱ्हायनात?"

"पुरावा," तो म्हणाला. ती आत गेली.

रविवारी दोधूआप्पांच्या ओट्यावर सगळं घराणं जमलं, ललितचा सासराही आला. आप्पांनी चष्मा लावून ओळीशी ओळ ताडून पाहिली. "बठं सारखंच शे रे, नवनीत."

नवनीतने कागद वाचले आणि तो हसला. "सारखंच राही ना, आप्पा. दोन्ही ललितभाऊनाच शेतस. भाऊ, तू तुन्हीच चिप दोनदा वाची लिधी. चिपा सारख्याच दिसतस, व्हस अशी गडबड. मन्हा प्रोग्राम थांबस, हाऊ थांबत नही."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ललितला तेच सोसेना. लबाड म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

"हां," ललित म्हणाला, "गडबड व्हयनी."

सुटलो असं त्याला वाटलं, तोच बायकांतून चेतना उठली. तिने त्याच्या पिशवीतून लॅपटॉप काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "नवनीतभाऊना खरा प्रोग्राम आठे शे. हाऊ दखाडा." आणि त्याच्याकडे न बघता जाऊन बसली.

"वाच," आप्पा म्हणाले. "आम्हले समजी असं वाच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ललितने लॅपटॉप उघडला. एकेक ओळ त्याला पाठ झाली होती. ज्याच्यावर आपण जळतो त्याचं काम आपण जितकं बारकाईने बघतो, तितकं त्याचं कौतुक करणारे कधी बघत नाहीत. नंबर कसा उचलला, थांबणं कसं मोजलं, फ्यूज का वाचतो, सगळं त्याने उलगडून सांगितलं. लोक माना डोलवत होते. "वा रे नवनीत!" सासऱ्याने मोठ्याने म्हटलं.

"आते माफी मांग," आप्पा म्हणाले.

"माफी ऱ्हाऊ द्या, आप्पा," नवनीत म्हणाला. त्याचा चेहरा फुलून आला होता. "मन्हा प्रोग्राम मालेबी इतला चांगला सांगता येत नही. भाऊ, शहादाले मन्ह्या नव्या दुकाननं उद्घाटन शे. येशी का? तठेबी लोकसले असंच सांगजो."

सगळं घराणं ललितच्या तोंडाकडे बघत होतं.

"येसू," ललित म्हणाला.