काय घ्यायचं, काय टाकायचं

मी एक कापडी बाहुला बोलतोय, हात घालून नाचवायचा. बारा वर्षं दर शुक्रवारी मी दावीद झालो, पेत्र झालो, मोशे झालो, योना झालो. दर शुक्रवारी चुकलो, रडलो आणि पुन्हा उभा राहिलो. आता दमलोय. मानेची शिवण एकदा उसवूनही झाली.

नाईलच्या पूर्वेला, चुन्याच्या डोंगराखाली आमचं गाव. सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली मुलांची शाळाही शुक्रवारी. तिथं शिकवणाऱ्या बाखूमनं मला बनवलं. आठवडाभर तो खाणीत दगड कापायचा. जुनी वर्तमानपत्रं पिठाच्या खळीत भिजवून त्यानं माझं डोकं केलं, मेंढीच्या लोकरीची दाढी लावली. त्याच्या आईनं मेलेल्या नवऱ्याचा झगा फाडून माझं अंग शिवलं. डोळे रंगवताना बाखूमचा हात हलला आणि डावा डोळा जरा खाली गेला. मी कायम शरमल्यासारखा दिसतो.

"राहू दे," बाखूम म्हणाला. "याला उपयोगच पडेल."

निळा फडका बांधला की मी दावीद. कमरेला दोरी गुंडाळली की पेत्र. बाखूम कुणाचीच चूक झाकायचा नाही. गुरूला पकडून नेलं, की पेत्र झालेला मी कोंबडा आरवायच्या आधी तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणायचो, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं ओरडायची, "खोटारडा! ओळखतोस की!" मग बाखूम मला हातावर रडवायचा. खेळ संपला की तो विचारायचा:

"पेत्राचं काय घ्यायचं?"

"धावत जाणं!"

"आणि काय टाकायचं?"

"आधी तलवार, मग विचार!"

मोशेची नम्रता घ्यायची, राग टाकायचा. योनाचं परत फिरणं घ्यायचं, पळून जाणं टाकायचं. काही आया चिडायच्या. संतांना असं उघडं पाडतात का? बाखूम हसून म्हणायचा, "पडलेला दाखवला नाही, तर उठलेला कसा दाखवू?"

त्याचा धाकटा भाऊ विसा शाळेत दोन इयत्ता टिकला. त्यालाही खाणीतच नेलं. डोकं तापट, हात लवकर उठणारा. बाखूम त्याला घरी 'आमचा पेत्र' म्हणायचा. विसा म्हणायचा, "मग मला पेत्रासारख्या स्वर्गाच्या किल्ल्या कधी देणार?"

खाणीत त्यांच्यासोबत सिदराक होता, पन्नाशीचा, बडबड्या. दगड कापायच्या करवतीला वीज देणाऱ्या खटक्यावर तोच असायचा. एका सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "लोकांना या वयात पोरं होतात. आमच्या बाखूमला बाहुला झाला!" खाण हसली. विसाही हसला. बाखूम हसला नाही. त्यानं सिदराकशी बोलणं सोडलं. ही त्याची जुनी खोड. तो मारायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. अबोला धरायचा. आईशी एकदा पंधरा दिवस धरला होता, एका भाकरीवरून. मला हे ठाऊक होतं, कारण त्या दिवसांत माझ्यात घातलेला त्याचा हात दगडासारखा असायचा.

खाणीत पांढऱ्या भुकटीमुळे चार हातांवरचं दिसत नाही. म्हणून तिथं एक रीत आहे. करवतीच्या उघड्या वायरला हात लावायला जो वाकतो, त्यानं खटक्यावरच्या माणसाला नावानं हाक मारायची. मग "झालं" ऐकू येईपर्यंत खटक्याला कुणी शिवत नाही.

अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी बाखूम वाकला. त्यानं हाक मारली नाही. सिदराकनं खटका ओढला.

बाखूमला पुरून आल्यावर विसा माझ्या पेटीपाशी बसला. बोटं माझ्या डोक्यात खुपसून मला म्हणाला, "त्यानं हाक मारली नाही. मी पाच पावलांवर होतो. मला वाटलं, आता हाक मारेल. मी मारायला हवी होती रे. मी का नाही मारली?" मी काय सांगणार? मी दुसऱ्याच्या हातानं बोलतो.

बाहेर मात्र तो वेगळंच बोलला. "सिदराकनं न बघता खटका ओढला. माझा भाऊ संत होता." दारात खुर्च्या मांडू दिल्या नाहीत. आमच्याकडे खुर्च्या मांडल्या नाहीत, की सांत्वनाला कुणी येत नाही. रक्ताचा बदला बाकी आहे, हे सगळ्यांना कळतं. तिसऱ्या दिवशी आमचे पाद्री अबूना तादरोस धूप आणि पाणी घेऊन घरात प्रार्थना करायला आले, तेव्हा विसा अंगणात पाठ करून उभा राहिला.

"विसा, आत ये बाळा," अबूना म्हणाले.

"तुम्ही करा, अबूना. मला दुसरं काम आहे."

मग त्यानं मला गहू साठवायच्या मातीच्या कणगीत कोंबलं. माझ्या शेजारी बापाची जुनी बंदूक ठेवली. चाळिसाव्या दिवसापर्यंत आम्ही दोघं गव्हात पडून होतो. उंदरांनी माझी अर्धी दाढी नेली. मला अंधाराची भीती वाटली नाही; शेजाऱ्याची वाटत होती. बाहेर वाटेनं जाणाऱ्या बायांचे आवाज यायचे. "संतच होता गं." "कधी चढा शब्द नाही." मला ओरडावंसं वाटायचं: पंधरा दिवस, एका भाकरीवरून! मला तो होता तसाच हवा होता.

चाळिसाव्या दिवशी बाखूमसाठीची प्रार्थना आटोपून चर्चमधून सगळे घरी आले. शुक्रवारची पोरंही चर्चची, क्रुसाचा शिक्का मारलेली गोल भाकर घेऊन आली. अंगणात गलका झाला आणि अचानक थांबला. कुणीतरी म्हणालं, "सिदराक आलाय. अनवाणी. कफन घेऊन."

हीही आमची रीत. दोन्ही हातांवर स्वतःचं कफन धरून माणूस दारात येतो. मारा किंवा माफ करा.

विसाचा हात कणगीत आला. त्यानं पट्टा धरून बंदूक ओढली, पण पट्टा पेत्राच्या खेळापासून माझ्या कमरेला राहिलेल्या दोरीत अडकला होता. तो हिसडा मारत राहिला. शेवटी बंदूक निसटून गव्हात गेली आणि त्याच्या हातात मी आलो. शुक्रवारच्या शाळेतली नऊ वर्षांची मोहराईल दारात उभी होती. तिला बंदूक दिसली नव्हती.

"बाहुला!" ती ओरडली. "विसादादा, याची दाढी कुणी खाल्ली? आज कोण आहे हा?"

तिच्यामागून पोरं घुसली. विसानं मला मुठीत आवळलं. मला वाटलं, आता भिरकावतो. पण त्यानं हात माझ्यात घातला. भावाच्या हातापेक्षा जाड हात. शिवण उसवली ती तेव्हाच.

तो मला घेऊन अंगणात आला. समोर सिदराक, मान खाली. बाजूला आई.

"आज बाखूम आहे," विसा म्हणाला.



"बाखूमचं काय घ्यायचं?" त्यानं विचारलं. 

"अर्धी भाकरी देणं," एक पोरगा म्हणाला. "हसून शिकवणं," दुसरा म्हणाला. "माझ्या आजीला पाणी आणून देणं," मोहराईल म्हणाली.

"आणि काय टाकायचं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. संताचं काय टाकणार? विसाची बोटं माझ्या मानेत घट्ट रुतली.

"अबोला," तो म्हणाला. "तीन दिवस बोलत नव्हता सिदराककाकांशी. म्हणून हाक मारली नाही. मी तिथं होतो, आई. मला माहीत होतं, आणि मीही मारली नाही. काकांनी रीत मोडली नाही. रीत आम्ही दोघा भावांनी मोडली."

सिदराकनं गुडघे टेकले. "मी हसलो होतो रे त्याच्यावर," तो म्हणाला. "मी आधी हसलो होतो."

आई माझ्याकडे बघत होती, माझ्या खाली गेलेल्या डोळ्याकडे. "माझ्याशी पंधरा दिवस," ती पुटपुटली. "वेडा मेला. माझा वेडा." मग ती सिदराकपाशी गेली, त्याच्या हातांवरचं कापड घडी करून काखेत घेतलं आणि मागे वळून विसावर खेकसली:

"बघतोस काय? खुर्च्या मांड."

विसानं मला ओट्यावर ठेवलं आणि खुर्च्या काढायला गेला. पहिली सिदराकसाठी मांडली.

मी अजून त्या ओट्यावरच आहे. बंदूक अबूना घेऊन गेले. विसा अजून नीट झोपत नाही, भांडी आपटतो, मधेच रडतो. काल त्यानं माझ्या मानेला दोन वाकडे टाके घातले. त्याला खेळ कसा करतात माहीत नाही. वाचताही धड येत नाही. मोहराईल त्याला वाचून दाखवणार आहे म्हणे.

मला विश्रांती हवी होती. पण पोरांनो, एवढंच मागतो: गेलेल्या माणसाला घासूनपुसून कोनाड्यात ठेवू नका. त्याच्यात हात घाला. कुठं उसवलंय ते बघा. विसानं मघाशीच माझ्या कमरेला दोरी बांधली आहे. मी पुन्हा तीनदा नाकारणार आहे. मग रडणार आहे, आणि या वेळी माझ्यातला विसाचा हात काही नाटक करत नसेल.