खोटं बोलायला लावलेली पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. ईरी गावात, तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर क्राउस यांचा चादरी धुण्याचा कारखाना आहे. त्याच्या पुढच्या काचेत मी टांगलेली असते. ‘कामाला माणसं पाहिजेत’ एवढंच माझ्यावर लिहिलं आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, किती चांगली पाटी! एके काळी मलाही तसंच वाटायचं. आता मला माझ्याच अक्षरांची शिसारी येते.

थोरल्या क्राउससाहेबांनी मला स्वतः घासून गुळगुळीत केलं आणि निळ्या रंगाने रंगवलं. इस्पितळांच्या चादरी वाढल्या, हात कमी पडू लागले, की ते मला काचेत लावत. कोणी कामाला लागलं, की त्याच संध्याकाळी माझी धूळ पुसून मला कपाटात ठेवत. त्या अंधाऱ्या कपाटात मी मोठ्या अभिमानाने पडून असे. डार्लीन कोसिन्स्की माझ्यामुळेच आत आली आणि केस पांढरे होईपर्यंत इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर राहिली.

मग थोरले वारले आणि त्यांचा मुलगा वेंडेल मालक झाला. त्याच सुमारास गावातला इंजिनांचा कारखाना बंद पडला. माणसं रस्त्याने एकेक काच वाचत फिरू लागली. वेंडेलने मला बाहेर काढलं ते कायमचंच.

त्याला कोणाला घ्यायचं नव्हतंच. येईल त्याला तो गोड आवाजात म्हणे, “सकाळभर काम करून दाखवा. पसंत पडलं तर कळवतो.” माणसं दुपारपर्यंत गरम चादरी दुमडत, ओल्या पाठीने घरी जात आणि फोनची वाट पाहत. दुसऱ्या दिवशी नवं कोणी तरी येई. आतल्या बायकांनी मदतीला माणूस मागितला, की वेंडेल माझ्याकडे बोट दाखवी. “पाटी लावलीय ना? कोणी टिकतच नाही, मी काय करू?” त्यांनी पगार वाढवून मागितला, तरी बोट माझ्याकडेच. “बाहेर बघा किती जण उभे आहेत.”

रक्ताने, ओकारीने भरलेल्या चादरी रोज माझ्यासमोरून जात. त्यांची मला कधी किळस आली नाही. धुतल्या की त्या स्वच्छ होत.

एकदा लोरेटा पिकेन्स आली. ती त्या बंद पडलेल्या कारखान्यात वेल्डिंग करायची. आता बहिणीच्या तळघरात राहत होती. सकाळभर तिने मान वर न करता काम केलं. “वा! कळवतो हं,” वेंडेल म्हणाला. बरेच दिवस गेले. शेवटी बर्फ तुडवत तीच विचारायला आली.

“ती जागा भरली, बाई,” वेंडेल म्हणाला.

“मग ही पाटी?”

“ती असते तशीच.”

“असते तशीच? अख्खी सकाळ फुकट राबवलंत मला, आणि वर हसताय?”

तो खरोखरच हसत होता. इस्त्रीचं यंत्र थांबलं. डार्लीन हात पुसत आली, तिने मला खिळ्यावरून काढलं आणि टेबलावर आपटलं.

“कोणतीही जागा भरली नाही, बाई. हा कोणालाच घेत नाही. आणि वेंडेल, तुझ्या बापाने ही पाटी असले घाणेरडे धंदे करायला नव्हती रंगवली!”

“एवढा कळवळा असेल, तर तूही निघ तिच्याबरोबर.”

डार्लीनने अंगावरचा एप्रन सोडला आणि ती लोरेटाला घेऊन निघाली. तिच्यामागे दार लागायच्या आत वेंडेलने मला पुन्हा खिळ्यावर अडकवलं. मित्रांनो, कित्येक वर्षांनी मी खरं बोलत होते. आत जागा रिकामी झाली होती. इतकं किळसवाणं खरं मी आयुष्यात बोलले नव्हते.

काचेपलीकडे दोघी बर्फात उभ्या होत्या.

“आता जा आत,” डार्लीन म्हणाली. “ते यंत्र आत दुसऱ्या कोणाला झेपत नाही. तुझं काम मी पाहिलंय, तुला जमेल. आज तो तुला नाही म्हणू शकणार नाही.”

“तुझ्या जागेवर? वेड लागलंय का तुला?”

“अगं, मी गेले म्हणून ती जागा माझ्या नावाने राहणार आहे का? उद्या आणखी कोणाला तरी फुकट राबवेल मेला. त्यापेक्षा तू पगार घे. आणि आधी लिहून घे, मगच यंत्राला हात लाव.”

लोरेटाने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. मग ती आत आली. वेंडेलने “सकाळभर करून दाखवा” म्हणायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, “दाखवून झालंय. कागद काढा.” आणि त्याला तो काढावा लागला.

लोरेटा आता रोज माझ्यासमोरून जाते, पण माझ्याकडे बघत नाही. डार्लीन उन्हाळ्यापर्यंत वणवण फिरली आणि शेवटी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कमी पगारावर लागली.

मी मात्र इथेच आहे. आत जागा नाही. कालच एक माणूस समोर थांबला, मला वाचून त्याचा चेहरा उजळला आणि त्याने घाईघाईने केस सारखे केले. मला ओरडावंसं वाटलं.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला ‘आम्हाला जपा’ म्हणतात. मला जपू नका. माझा रंग उडून जाऊ द्या. आणि मोठेपणी काम शोधत माझ्यासारख्या पाटीसमोर आलात, तर तिचं ऐकू नका. मागच्या दाराशी जा. घाम पुसायला बाहेर आलेली एखादी बाई भेटेल. तिला विचारा, “इथे शेवटचं माणूस कधी घेतलं हो?”